वाटेवरचे सांगाती

हिवाळ्यातील एखाद्या रविवारी पहाटे कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहावे. मुरबाड मागे टाकून सरळगाव, टोकावडे, वैशाखरे अशी गावे घेत हा रस्ता सह्याद्रीच्या पायथ्याला जाऊन भिडतो. आमचे धसई गाव या रस्त्यापासून थोडे आत, त्याच डोंगरांच्या सावलीत वसले आहे. भाताची कापणी होऊन खाचरे उघडी पडलेली असतात, धुके अजून विरलेले नसते, आणि त्या धुक्यातून एकामागून एक सायकलस्वार बाहेर पडताना दिसतात. कोणी ठाण्याहून आलेला असतो, कोणी मुंबईहून मध्यरात्रीच निघालेला असतो. कोणाला घाट चढून जुन्नरला जावयाचे असते, तर कोणाला त्याहीपुढे अहिल्यानगरपर्यंत मजल मारावयाची असते.

या प्रवाशांकडे पाहताना एक गोष्ट माझ्या नेहमी ध्यानात येते. समोरून दुसरा सायकलस्वार येताना दिसला की, ओळखपाळख नसतानाही दोघांचे हात आपोआप वर जातात. एखादा प्रवासी सायकल उलटी ठेवून तिचे चाक काढीत बसलेला असला, तर मागून येणारा हटकून वेग कमी करतो आणि विचारतो, "काही हवे आहे का?" मग दोघे मिळून चाकाशी खटपट करतात, पाण्याची बाटली या हातातून त्या हातात जाते, "कुठून आलात? कुठवर जाणार?" असे दोन शब्द होतात आणि पाच-दहा मिनिटांत दोघेही आपापल्या वाटेने निघून जातात. पुष्कळदा परस्परांचे नावसुद्धा विचारण्याचे राहून जाते.

ही केवळ शिष्टाचाराची गोष्ट आहे काय? पुष्कळ लोक तसे समजतात. वाटेत भेटलेल्या माणसासाठी थांबणे हा मनाचा चांगुलपणा आहे, वेळ असेल तर तो दाखवावा, नसेल तर आपल्या वाटेने जावे, असे त्यांचे म्हणणे असते. मला मात्र हे मत मान्य नाही. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसावर वाटेत भेटणाऱ्या सहप्रवाशाचा एक हक्क असतो आणि तो हक्क आपल्या घाईच्या आधी येतो, असे मी मानतो. हे मत मी पुस्तकातून उचललेले नाही. ते मला एका चुकीमधून शिकावे लागले. ती चूक कोणती, हे मी पुढे सांगणारच आहे. त्याआधी या मतामागची कारणे तुमच्यापुढे मांडतो. मुलांनो, ती पटतात की नाही, हे तुम्हीच ठरवा.

सायकलीवरून जाणारा माणूस हा इतर प्रवाशांपेक्षा थोडा वेगळा असतो. मोटारीत बसलेल्या प्रवाशाला ऊन लागत नाही, वारा झोंबत नाही. शेजारून जाणाऱ्या मोटारीत कोण आहे, हे त्याला दिसतही नाही. सायकलस्वार मात्र उघड्यावर असतो. ऊन, पाऊस, चढ आणि खड्डे यांचा हिशेब त्याला स्वतःच्या पायांनी चुकता करावा लागतो. शिवाय त्याचे वाहन नाजूक असते. १८८८ साली जॉन डनलॉप यांनी हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट घेतले. त्या टायरमुळे सायकल चालविणे सुखाचे झाले खरे, परंतु त्याच दिवसापासून रस्त्यावरचा एखादा बाभळीचा काटा बलदंड माणसालाही थांबवू लागला! ट्यूबवर ठिगळ लावण्याचे सामान असेल आणि पंप नसेल, तर सामान व्यर्थ. पंप असेल आणि चिकटविण्याचे सोल्यूशन वाळून गेले असेल, तर पंप व्यर्थ. अशा वेळी जवळच्या दुकानापेक्षा मागून येणारा दुसरा सायकलस्वारच अधिक जवळ असतो. आपल्यावर कोणता प्रसंग ओढवला आहे, हे त्याला सांगावेही लागत नाही. तो प्रसंग त्याच्यावर काल येऊन गेलेला असतो, किंवा उद्या यावयाचा असतो.

आमच्या परिसरातील एक जुनी वाट हीच गोष्ट सांगते. वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाट आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहन राजांच्या काळात, कोकणातील बंदरांवर उतरलेला माल या घाटाने जुन्नरकडे आणि तेथून पैठणकडे जात असे. घाटाच्या माथ्याजवळ खडकात कोरलेली लेणी आहे. तिच्यात नागनिका राणीचा प्रसिद्ध शिलालेख आहे. जवळच एक मोठा दगडी रांजण आहे. तो जकातीसाठी असावा, असे मानतात. पण माझे लक्ष या सर्वांपेक्षा तेथील पाण्याच्या टाक्यांकडे अधिक जाते. कठीण कातळ फोडून कोणीतरी ही टाकी खोदली. ज्याने घाव घातले, त्याची तहान त्या पाण्याने किती भागली असेल? ते पाणी मुख्यतः पुढे येणाऱ्या, कधीही न पाहिलेल्या वाटसरूंसाठी होते.

त्या काळी व्यापारी अशा वाटेने एकेकटे जात नसत. ते तांडा करून निघत. अशा तांड्याला संस्कृत भाषेत 'सार्थ' असे नाव आहे आणि तांड्याच्या नायकाला 'सार्थवाह' म्हणतात. चोर, श्वापदे, तहान आणि आजार यांच्याशी एकट्याने झुंजणे कठीण होते. म्हणून सोबत ही त्यांच्या दृष्टीने चैन नव्हती; बैल आणि पाणी यांच्याइतकीच ती प्रवासाची गरज होती. बैलांच्या जागी आज चाके आली, पायवाटेच्या जागी डांबरी रस्ता आला. पण घाटाचा चढ तेवढाच आहे, आणि माणसाचा दमही तेवढाच आहे.

आता या घाटाच्या पलीकडे, जगाच्या रस्त्यावर जाऊ. मुंबईच्या काही तरुणांनी सायकलीवरून केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेची हकिकत आज फारशी कोणाला आठवत नाही. ती प्रत्येक मुलाला ठाऊक असावी, असे मला वाटते. एकदा मुंबईच्या ओव्हल मैदानावर एका फ्रेंच प्रवाशाचे व्याख्यान झाले. हा गृहस्थ युरोपातून पायी चालत हिंदुस्थानात आला होता. त्याच्या अनुभवाने काही तरुण भारावून गेले. हे तरुण मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबात व्यायाम करणारे होते. पुढे १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा जण सायकलींवरून जगाच्या प्रवासाला निघाले. इराण, इराक आणि सीरियाची वाळवंटे ओलांडून ते युरोपात गेले. तेथून अमेरिका, जपान, कोरिया, चीन असा प्रवास करीत १९२८ च्या मार्च महिन्यात ते मुंबईस परतले. सुमारे ७१,००० किलोमीटर अंतर त्यांनी कापले होते. परंतु निघताना सहा असलेले हे मित्र परतताना तीनच होते. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी प्रदक्षिणा पूर्ण केली. उरलेल्या तिघांनी निरनिराळ्या टप्प्यांवर साथ सोडली.

साथ सोडणाऱ्यांना आपण दोष द्यावा काय? मला तसे वाटत नाही. साडेचार वर्षांचा प्रवास म्हणजे लहानशी गोष्ट नव्हे. एखाद्याला घर ओढ लावते, एखाद्याला वाटेतच नवे घर सापडते. सोबत ही साखळी नव्हे की, एकदा अडकली म्हणजे सुटूच नये. जोवर बरोबर आहोत, तोवर मनापासून बरोबर असावे आणि वाटा वेगळ्या झाल्या, तर रागलोभ न धरता निरोप घ्यावा, हाही प्रवासाचा एक धडाच आहे.

या सहा जणांच्या पाठोपाठ, १९२४ साली, मुंबईहून आणखी एक तरुण निघाला. त्याचे नाव फ्रामरोझ दावर. तो क्रीडाविषयक लेखन करणारा पत्रकार होता. तो मात्र एकटाच निघाला. एकट्यानेच सायकल मारीत तो थेट ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरापर्यंत पोहोचला. तेथे त्याला गुस्ताव स्ताव्यानिक नावाचा सायकलपटू भेटला, आणि ही भेट दोघांच्याही आयुष्याला वळण देणारी ठरली. गुस्ताव त्याच्याबरोबर निघाला. पुढची कित्येक वर्षे हे दोघे बरोबर होते. त्यांनी आल्प्स पर्वत ओलांडला, सहारा वाळवंट पार केले, दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या अरण्यातून ते गेले आणि अँडीज पर्वत चढले. १९३१ साली दावर परतला, तेव्हा ५२ देश आणि सुमारे १ लाख १० हजार किलोमीटरचा प्रवास त्याच्या पदरी होता.

या जोडीचा विचार करताना मला नेहमी नवल वाटते. एक मुंबईचा पारशी, दुसरा मध्य युरोपातला. एकाचा देश इंग्रजांच्या सत्तेखाली होता, तर दुसऱ्याचा देश नुकताच महायुद्धात पराभूत झालेला होता. मातृभाषा निराळी, धर्म निराळा, अन्न निराळे. शाळेत ते एका बाकावर बसले नव्हते, की त्यांच्या घराण्यांची कधी ओळख नव्हती. आपण मैत्री करताना ज्या गोष्टी पाहतो, त्यांपैकी एकही गोष्ट त्यांच्यात समान नव्हती. समान होते ते एवढेच, की दोघेही सायकलस्वार होते आणि दोघांनाही दूरची वाट खुणावीत होती. तेवढ्या एका धाग्यावर हे नाते विणले गेले आणि ते सहाराच्या वाळूतही तुटले नाही. जात, भाषा आणि गाव यांच्या चौकशा करून मग मैत्री करणाऱ्या आपल्यासारख्यांनी या दोघांकडून थोडे शिकण्यासारखे नाही काय?

आणि हे दीप असेच एकापासून एक लागत गेले. १९३३ साली केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे आणखी तिघे मुंबईहून जगप्रवासाला निघाले. त्यांचा सुमारे ८४,००० किलोमीटरचा प्रवास १९४२ साली संपला. एका पांथस्थाचे व्याख्यान ऐकून सहा जण निघतात आणि त्यांच्या वाटेने पुढे आणखी कित्येक जण जातात. तेव्हा वाटेवरचा सांगाती आपल्या शेजारूनच चालत असतो, असे नाही. कधी तो आपल्या पुढे दहा वर्षे असतो.

येथे तुमच्यापैकी एखादा चलाख विद्यार्थी मला अडवील. तो म्हणेल, "गुरुजी, पण एकटा माणूस वेगाने जातो. सगळ्यांसाठी थांबत बसले, तर विक्रम कसे व्हावयाचे?" हा आक्षेप खोटा नाही. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या तरुणीने २०१८ साली १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटरचा जगप्रवास सायकलीवरून केला आणि त्यातील मोठा भाग तिने एकटीने पार पाडला. वयाची विशी गाठता गाठता दाखविलेले हे धैर्य असामान्य आहे, यात संशय नाही. एकट्याने जाण्याची परीक्षा निराळी असते आणि ती ज्यांनी दिली, त्यांच्यापुढे मी नतमस्तक होतो. पण विक्रमासाठी निघालेले प्रवासी हजारांत एखादे. तुम्ही-आम्ही जेव्हा सायकलीवर टांग मारतो, तेव्हा आपल्या मागे घड्याळ घेऊन कोणीही उभे नसते. असे असता, आपण कोणता विक्रम मोडण्यासाठी धावतो?

लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासाचा एक प्रकार फ्रान्समध्ये सुरू झाला. त्याला 'ब्रेव्हे' म्हणतात. आता तो आपल्या महाराष्ट्रातही रूढ झाला आहे. त्यात २०० किलोमीटर अंतर साडेतेरा तासांत, तर ६०० किलोमीटर अंतर ४० तासांत पुरे करावयाचे असते. त्याचा एक नियम मला फार आवडतो. त्यात पहिला आणि दुसरा असे क्रमांक नसतात. जो आठ तासांत पोहोचला, त्याची आणि जो साडेतेरा तास पुरे होता होता पोहोचला, त्याची योग्यता सारखीच मानली जाते. त्यामुळे वाटेत दुसऱ्यासाठी थांबले, तर काही गमावल्याचे दुःख उरत नाही. शर्यतीत दुसरा माणूस हा प्रतिस्पर्धी असतो. प्रवासात तोच सोबती होतो. माणूस तोच, रस्ता तोच. बदलतो तो आपला हेतू.

शिवाय सोबतीमुळे वेग नेहमी कमीच होतो, हेही खरे नव्हे. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बरीचशी शक्ती समोरची हवा कापण्यात खर्च होते. वेग दुप्पट झाला, तर हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून जाणते सायकलस्वार एका ओळीत जातात. सर्वांत पुढचा वारा अंगावर घेतो आणि त्याच्या आडोशाने मागच्यांचे श्रम हलके होतात. थोड्या वेळाने पुढचा बाजूला होऊन मागे येतो आणि दुसरा पुढे जातो. आळीपाळीने वारा झेलणारी अशी चार माणसे एकट्या माणसापेक्षा अधिक दूर जातात. मात्र जो नेहमी मागेच राहतो आणि आपली पाळी आली की सबब सांगतो, त्याला सायकलस्वारांत मान नसतो. संसारातही अशी माणसे तुम्हांला भेटतील. त्यांना ओळखायला शिका, आणि आपण तसे होऊ नये म्हणून जपा.

आता माझ्या चुकीची गोष्ट सांगतो.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी नुकताच शिक्षक झालो होतो. हिवाळ्याच्या सुट्टीत धसईहून सायकलीने निघून माळशेज घाट चढावयाचा आणि संध्याकाळपर्यंत जुन्नर गाठून शिवनेरीचे दर्शन घ्यावयाचे, असा बेत मी केला. ऊन तापण्यापूर्वी घाटमाथा गाठलाच पाहिजे, असा माझा निश्चय होता. घाटाच्या पायथ्याशी एक मध्यमवयीन माणूस सायकल थांबवून उभा होता. मागे कॅरिअरवर सुक्या मासळीच्या दोन मोठ्या पाट्या बांधलेल्या होत्या. बोंबील आणि जवळा घेऊन तो घाटावरच्या गावी विकावयास निघाला होता. मागचे चाक खाली बसले होते. त्याने पंक्चर काढले होते, पण त्याच्या पंपाचा वॉशर निकामी झाल्यामुळे हवा भरत नव्हती. मला पाहताच त्याने विचारले, "दादा, पंप हाये का?"

माझ्या सायकलीला पंप होता. तो त्याला दिसतही होता. मी न उतरताच म्हणालो, "मला घाई आहे हो. मागून कोणीतरी येईल."

तो एवढेच म्हणाला, "बरं."

मी घाट चढून गेलो. ठरविलेल्या वेळेच्या आधीच माथा गाठला. एका झाडाखाली सायकल टेकविली, घाम पुसला आणि स्वतःवर खूष होऊन बसलो. ऊन उतरेपर्यंत तेथे विश्रांती घ्यावयाची, असे मी मुळातच ठरविले होते. म्हणजे ज्या वेळेची मला घाई होती, ती वेळ मी नुसता बसून घालविणार होतो! दोन-तीन तास गेले. मग घाटाच्या वळणावर तो माणूस दिसला. मागून कोणीही आले नव्हते. ओझ्यासह ती सायकल हवा नसलेल्या चाकावर ढकलीत तो सारा घाट चढून आला होता. मी उठून पंप घेऊन धावलो. पण आता पंपाचा उपयोग नव्हता. दगडांवर आपटून ट्यूब व्हॉल्व्हपाशी फाटली होती आणि टायरचीही कड चिरली होती. जे काम पायथ्याशी दोन मिनिटांत आणि फुकट झाले असते, त्यासाठी आता त्याला नवी ट्यूब आणि नवा टायर घ्यावा लागणार होता. तेवढे पैसे मिळविण्यासाठी त्याला किती मासळी विकावी लागली असेल, हा हिशेब मी तेव्हा मनाशी करून पाहिला. आणि तो मला पुढे कित्येक दिवस छळीत राहिला.

तो सावलीत बसला. मला वाटले, आता हा मला बोल लावणार. परंतु त्याने शांतपणे विचारले, "पोचलात ना येळंवर?" त्या विचारण्यात टोमणा नव्हता. मग त्याने फडके सोडले, नाचणीची भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढे केली. मुलांनो, ती अर्धी भाकरी गिळताना मला जितके जड गेले, तितका तो सबंध घाटही गेला नव्हता. त्या दिवशी मी मढ गावापर्यंत त्याच्या सायकलीला मागून हात देत चालत गेलो. जुन्नरला पोहोचावयास रात्र झाली आणि शिवनेरी दुसऱ्या दिवशी पाहावा लागला. पण या उशिरा सुचलेल्या शहाणपणाने त्याचा टायर काही सांधला गेला नाही. मदतीलाही तिची वेळ असते; ती टळली की, पंप हातात असूनही माणूस रिकाम्या हातांचाच राहतो.

माझ्या मताचे मूळ या गोष्टीत आहे. माझी दोन मिनिटे वाचली, त्याचा सारा दिवस आणि पदरचे पैसे गेले. हा व्यवहार न्यायाचा आहे काय? माझ्या दोन मिनिटांपेक्षा त्याच्या अडचणीचे वजन कितीतरी अधिक होते, आणि म्हणूनच माझ्या त्या पंपावर त्या क्षणी माझ्यापेक्षा त्याचा अधिक हक्क होता. 'मागून कोणीतरी येईल' हे वाक्य फार सोयीचे असते. जो तो तेच म्हणू लागला, तर मागून कोणीच येत नाही.

याबरोबरच एक सावधगिरीची गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. आजचे रस्ते वाहनांनी भरलेले आहेत आणि वाटेत भेटणारा प्रत्येक जण भलाच असेल, असेही नाही. म्हणून तुमच्या वयाच्या मुलांनी लांबच्या वाटेला मोठ्या माणसांसोबतच जावे. मदतीसाठी थांबताना रस्ता सोडून कडेला थांबावे. अनोळखी माणसाच्या मागे आडवाटेला कधीही जाऊ नये. आपल्याला जमण्यासारखे नसेल, तर जवळच्या घरी किंवा दुकानात जाऊन मोठ्यांना बोलवावे. हेही थांबणेच आहे. विवेक आणि दया यांचे भांडण नाही. डोळे उघडे ठेवूनही मन मोकळे ठेवता येते.

आपल्या महाराष्ट्राला तर ही शिकवण नवी नाही. शेकडो वर्षे पंढरीची वारी चालली आहे. वारीत भेटणाऱ्या अनोळखी माणसाला आपण 'माऊली' म्हणतो. त्याचे गाव, जात, धंदा यांची चौकशी मागाहून होते, किंवा होतही नाही. वाट चालणे हीच त्याची ओळख असते. अलीकडे नाशिकहून सायकलस्वारांचे मोठे पथक आषाढीच्या सुमारास पंढरपूरला जाते. त्यात तरुण असतात, तसेच केस पांढरे झालेलेही असतात. पावले गेली आणि चाके आली, तरी वारीचा धर्म चाकांनाही लागू पडला, याचा मला फार आनंद वाटतो.

मुलांनो, तुमच्यापैकी कित्येक जण रोज सायकलीने शाळेत येत असतील. शाळेची वाट म्हणजे काही सहारा वाळवंट नव्हे. परंतु त्या वाटेवरही कोणाची साखळी उतरते, कोणाच्या चाकात काटा रुततो. शाळेची घंटा होण्याची वेळ झालेली असते आणि तुम्हांला घाई असते. अशा वेळी थांबावयाचे की नाही, याचा निर्णय तुम्हांला एका क्षणात घ्यावा लागेल. थांबल्यामुळे उशीर झाला, तर वर्गात येऊन गुरुजींना खरे कारण सांगा. एवढी वर्षे हजेरी घेतल्यावर मी खात्रीने सांगतो की, त्या कारणासाठी उशिरा आलेल्या मुलावर रागावणारा शिक्षक विरळा.

मी आता क्वचितच सायकल चालवितो. परंतु माझ्या सायकलीला पंप अजून लटकविलेला आहे आणि त्याचा वॉशर मी दर पावसाळ्यानंतर बदलतो. माझ्या स्वतःच्या चाकांसाठी एवढी काळजी घेण्याचे आता कारण नाही. पण माळशेजच्या रस्त्याला लागलो की, माझे डोळे कडेला उभ्या असलेल्या सायकली शोधीत असतात.